दौलतचं काय झालं?

आमच्या वाचनालयाच्या दारात एक फळा आहे. त्यावर पूर्वी एक मास्तर रोज सुविचार लिहीत. मास्तर मुलाकडे नागपूरला राहायला गेले आणि त्यांचा शेवटचा सुविचार, ‘आजचे काम आजच करा’, फळ्यावर कित्येक महिने तसाच राहिला. एका बैठकीत मी सहज म्हणालो, की या फळ्यावर दर महिन्याला वाचकांना चांगल्या पुस्तकांची शिफारस करावी. सार्वजनिक जीवनात सहज काही बोलू नये, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी अकोला जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहाय्यक आहे.

“मंग तुमीच लिहा नं जी,” अध्यक्ष चंद्रभानजी म्हणाले. चंद्रभानजी पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त ते झाले होते, त्यांचं खातं त्यांच्यातून झालं नव्हतं.

घरी येऊन मी नईमाला ही बातमी सांगितली. तिने चहा गाळता गाळता विचारलं, “अजी, तुमको क्या पडी थी?” आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, आणि माझ्या प्रत्येक समाजकार्याची सुरुवात याच वाक्याने होत आली आहे.

पण मला खरंच पडली होती. ती वर्षं आमच्या वऱ्हाडाला वाईट गेली. अकोला काय, अमरावती काय, सकाळचा पेपर लोक मागच्या पानावरून उघडत, कारण पुढच्या पानावर जीव दिलेल्या कोणा शेतकऱ्याचं नाव असणार, ते माहीत असायचं. मुंबईचं पथक यायचं, दिल्लीचं पथक यायचं, बांधावर उभं राहून फोटो काढायचं आणि जायचं. वाचनालयात येणारी माणसं गप्पगप्प बसून परत जायची. मला वाटलं, या लोकांना थोडं दूर न्यावं. अगदी दूर. दुसऱ्या ग्रहावर वगैरे.

त्याला कारणही होतं. अमरावतीला विभागीय कार्यालयात कामाला गेलो की मी फुटपाथवरची जुनी पुस्तकं चाळतो. तिथे मला एक विचित्र प्रकार सापडला होता, आपल्याच भागातल्या माणसांनी स्वखर्चाने छापलेल्या विज्ञान कादंबऱ्या! त्यांना प्रकाशक नाही, दुकान नाही, परीक्षण नाही. मुखपृष्ठावर रॉकेट असतं, ते बहुधा लेखकाच्या भाच्याने काढलेलं असतं आणि पाण्याच्या टाकीसारखं दिसतं. पण आत शिरलं की एखाद्या पुस्तकात असा काही जीव असतो की आपला स्टॉप निघून जातो. म्हणून मी पहिल्याच महिन्यात फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या लेखकांच्या विज्ञान कादंबऱ्या – अवश्य वाचा.’ खाली तीन नावं. पहिलं नाव होतं ‘दोन चंद्रांचं शिवार’, लेखिका व प्रकाशक मनकर्णा मोतीराम तायडे, दर्यापूर.

दुसऱ्याच आठवड्यात चांदूर रेल्वेहून नत्थुजी नावाच्या गृहस्थांचा फोन आला. यादीतली दुसरी कादंबरी त्यांची होती. आभार मानण्यासाठी असेल म्हणून मी नम्र आवाज काढून बसलो.

“मी दोन नंबरवर काहून?” त्यांनी विचारलं.

फळ्यावर कोणीतरी दोन नंबरवर असावंच लागतं, हे मी त्यांना समजावत असताना त्यांचे पैसे संपले आणि फोन कटला. त्यानंतर तालुक्या-तालुक्यांतून माझ्या घरी पुस्तकांची पार्सलं येऊ लागली. पातूरच्या एका लेखकाने तर लेण्यांत उतरलेल्या परग्रहवासीयांवर तीन खंड पाठवले. आमच्या दिवाणावर बसायला जागा उरली नाही. नईमा पाहुण्यांना सांगायची, “बैठो, उधर सरकाके बैठो, वो चांद के लोग है.”

आता वाचनालयाने ही पुस्तकं विकत घ्यायला हवी होती. चंद्रभानजींनी चष्मा लावला.

“तीन दरपत्रकं आणा.”

“चंद्रभानजी, हे पुस्तक जगात फक्त तायडेबाई विकतात.”

“मंग तिघांकडून मागवाचं कसं?”

“तेच तर.”

“तेच तं मी इचारून राह्यलो.”

हा संवाद बराच काळ चालला. शेवटी मी पत्र टाकलं, आणि दर्यापूरहून एकाच पाकिटात तीन दरपत्रकं आली. एक लेखिकेचं, एक त्यांच्या यजमानांचं आणि एक सासूबाईंचं, अंगठ्यासकट. सासूबाईंचा दर सगळ्यांत कमी होता. चंद्रभानजी प्रसन्न झाले. मग पुस्तकं आली तर नोंदवहीचा प्रश्न. “विज्ञान असन तं कादंबरी कशी? आन् कादंबरी असन तं विज्ञान कसं?” हा त्यांचा प्रश्न मी अजून सोडवू शकलेलो नाही. त्यांनी पुस्तक ‘संकीर्ण’मध्ये टाकलं. तिथे आधीपासून पाककृती आणि रेल्वेचं वेळापत्रक होतं.

एवढं होऊन पुस्तक एकदाचं गंगूबाईंच्या हातात पडलं. गंगूबाई आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या तरी आवाज अजून चौथीच्या वर्गाला पुरेल असा आहे. त्या दिवसांत दुपारचं भारनियमन असायचं. पंखे बंद झाले की बाया गंगूबाईंच्या ओट्यावर लिंबाच्या सावलीत जमत. गंगूबाईंनी तिथे ‘दोन चंद्रांचं शिवार’ मोठ्याने वाचायला घेतलं.

गोष्ट अशी होती. पुढच्या कुठल्या तरी शतकात वऱ्हाडातली काही कुटुंबं एका दूरच्या ग्रहावर कपाशी पेरायला जातात. तिथे आकाशात दोन चंद्र, जमीन आपल्यासारखीच काळी, पण पाणी खोल. रुक्मा आणि दौलत हे नवराबायको एका काचेच्या घुमटात राहतात. धुळीचं वादळ येतं. पाण्याचं यंत्र बंद पडतं, म्हणून दौलत बाहेर जातो आणि परत येत नाही. वादळ काही थांबत नाही. शेवटी एका सकाळी धूळ जराशी बसते. रुक्मा दाराशी जाते. आणि पुस्तकाचं शेवटचं वाक्य असं, ‘रुक्मानं कडी काढली, धूळ डोळ्यांत गेली, पदरानं डोळे पुसून तिनं समोर पाहिलं तर’

बस्स. तर. पुढे पूर्णविरामसुद्धा नाही. त्यानंतर थेट मलपृष्ठ, आणि त्यावरही रॉकेट.

मी हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. काय ही हिंमत! फळ्यावर मी खास लिहिलं होतं, ‘शेवट अर्ध्या वाक्यावर सोडून लेखिकेने तो वाचकाच्या हाती सोपवला आहे. आधुनिक साहित्यातील धाडसी प्रयोग.’

ओट्यावरच्या बायांना हा प्रयोग आवडला नाही. रविवारी सकाळी त्या सगळ्या माझ्या फाटकाशी आल्या, गंगूबाई पुढे.

“गयासभाऊ, दौलतचं काय झालं?”

मी त्यांना बसवलं, म्हणजे पुस्तकं सरकवून बसवलं. मग समजावलं, की आजकाल लेखक सगळं सांगत नाहीत, वाचकाने आपल्या मनाने शेवट करायचा असतो.

“म्हंजे तुमालेबी मालूम नाई,” गंगूबाई म्हणाल्या.

“मालूम असण्याचा प्रश्न नाही, गंगूबाई. ही कला आहे.”

“कला गेली चुलीत. माणूस बाहेर हाय.”

त्यांच्या मागे जाईबाई उभी होती. पातूरकडची शेती सुटल्यापासून ती मुलीकडे राहायला आली होती. ओट्यावरही ती कोपऱ्यात वाती वळत बसे, बोलत नसे. त्या दिवशीही ती बोलली नाही. फक्त माझ्याकडे बघत राहिली, जणू दौलतला मीच बाहेर पाठवला होता.

मग गावभर चर्चा. किराणावाल्याने साखर तोलता तोलता विचारलं. ऑफिसात शिपायाने विचारलं. आणि चंद्रभानजींनी मला पत्र दिलं. विषय, वाचनालयाच्या पुस्तकाची शेवटची पाने फाडली गेल्याबाबत कारणे दाखवणे. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मला कारणे दाखवा नोटीस मिळाली नव्हती. ती मला मिळाली दौलतमुळे.

“चंद्रभानजी, सगळ्याच प्रतींत शेवट असाच आहे!”

“मंग सगळ्याच फाडल्या असतीन.”

“अहो, तो मुद्दाम केलेला शेवट आहे!”

“तसं लेखिकेचं लेखी प्रमाणपत्र आणा. मी फायलीत लावतो.”

माझी इज्जत पणाला लागली होती. मी रजा टाकली आणि दर्यापूरची काळी-पिवळी जीप धरली. जीपमध्ये माझ्या मांडीवर एका अनोळखी माणसाचं गाठोडं होतं, आणि गाठोड्यात कोंबडी होती हे मला वाटेत कळलं. दोन्ही बाजूंना काळी रानं, त्यांत गुडघ्याएवढी कपाशी. मध्येच जीप पंक्चर झाली. ड्रायव्हर चाक काढत असताना सहप्रवाशांनी मी कशासाठी चाललोय ते विचारलं. मी सांगितलं. मग कोंबडीवाला म्हणाला, “पन त्या बिचाऱ्या दौलतचं झालं काय?”

मनकर्णाताई एका सरकारी कचेरीत टंकलेखक होत्या. पन्नाशीची, चष्म्याची, सडसडीत बाई. टेबलावर दोन्ही बाजूंना कागदांचे एवढे ढीग, की मला आधी फक्त चष्मा दिसला.

“प्रमाणपत्र पाहिजे होतं,” मी म्हणालो.

“उत्पन्नाचं का रहिवासी?” त्यांनी वर न पाहता विचारलं. “खिडकी तिकडे हाय.”

“नाही, शेवटाचं.”

बोटं थांबली. त्यांनी वर पाहिलं, आणि त्यांचा आवाज एकदम हळू झाला. “कोनाच्या शेवटाचं? घरातलं कोनी गेलं काय, भाऊ?”

त्या कचेरीत त्या दिवसांत गेलेल्या शेतकऱ्यांचेच कागद टाइप होत, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं. मला माझ्या प्रमाणपत्राची लाज वाटली. मी घाईघाईने पिशवीतून पुस्तक काढलं आणि म्हणालो, “कोणी गेलं नाही, ताई. हे तुमचं पुस्तक. याचा शेवट अर्ध्यावर सोडला आहे तुम्ही, तो मुद्दाम, असं दोन ओळींत लिहून द्या, बस.”

“अर्ध्यावर?” त्या म्हणाल्या. “मी कायले अर्ध्यावर सोडू?”

त्यांनी पुस्तक घेतलं. शेवटचं पान उघडलं. वाचलं. मागचं पान उलटलं, पुन्हा पुढे आल्या. बोटाने शिवण चाचपली. मग उठून कपाटातली स्वतःची प्रत काढली. तीही ‘तर’वरच संपत होती.

“शेवटचा फॉर्माच नाई,” त्या म्हणाल्या. “सोळा पानं. बांधनीत घेतलाच नाई त्या अमरावतीवाल्यानं.”

आधुनिक साहित्यातील धाडसी प्रयोग अमरावतीच्या एका बाइंडरने केला होता.

“तुम्ही छापून आल्यावर पाहिलं नाही?”

“पह्यलं पान पाह्यलं. नाव पाह्यलं. आईचं नाव अर्पणात पाह्यलं. मंग वाटून टाकली सगळी. आपलंच लिहेलं आपन कायले वाचू?” त्या खुर्चीत बसल्या. आणि एकदम ताठ झाल्या. “थांबा. माही नणंद म्हणे, शेवटी तं मले रडूच आलं!”

मी मान खाली घातली.

“प्रकाशनाले पाहुणे आले होते, त्यायनं भाषणात सांगतलं, शेवट आशादायी हाय. साहेब म्हणे रात्रभरात संपवलं. सगळे म्हणे पुरं वाचलं!” मग त्यांचा आवाज चढला. “आन् मोतीराम!”

मोतीरामभाऊ, म्हणजे यजमान, नेमके तेव्हाच डबा घेऊन आले. पुस्तक टेबलावर उघडं पाहून ते दारातच थबकले.

“तुमी पुस्तक वाचलं होतं नं?”

“वाचलं नं.”

“पुरं?”

“पुरं,” मोतीरामभाऊ म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, “शेवटचे दोन-चार पानं तेवढे राह्यले होते.”

“कोनते दोन-चार?”

मोतीरामभाऊंनी डबा ठेवला आणि चहा सांगतो म्हणून गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

मला वाटलं, ही बाई आता रडेल. मी मनातल्या मनात सांत्वनाची वाक्यं जुळवत होतो. पण त्या हसायला लागल्या. तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत हसल्या. शेजारच्या टेबलावरचे बाबू वळून बघायला लागले.

“चार वर्षं झाली, भाऊ,” त्या म्हणाल्या. “चार वर्षांत एका माणसानं तक्रार नाई केली. तुमी पह्यले. म्हंजे तुमी खरंच शेवटपर्यंत वाचलं.”

“मीच नाही. आमची अख्खी गल्ली. आमच्या जीपची ट्रिपसुद्धा. सगळे विचारतायत, दौलतचं काय झालं.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “दिवसभर मी इथं जे टाइप करतो नं भाऊ, त्याचा शेवट आधीच होऊन गेलेला असते. मले नुसतं लिहाचं असते. म्हनून वाटलं, एक तरी गोष्ट अशी लिहावं, का जिचा शेवट माह्या हातात हाय.” त्या पुस्तकाकडे पाहून परत हसल्या. “आन् नेमका तोच गेला.”

मूळ लिखाण प्रेसमध्येच राहिलं होतं, आणि प्रेसच्या जागी आता मोबाइलचं दुकान होतं. मी विचारलं, “ताई, दौलत…?” त्या म्हणाल्या, “तुमाले एकट्याले नाई सांगत. गल्लीले सांगतो.”

रविवारी त्या मोतीरामभाऊंना घेऊन अकोल्याला आल्या. वाचनालयात सतरंज्या टाकल्या होत्या. वीज नव्हती, खिडक्या उघड्या, पुठ्ठ्यांचे पंखे. मी उभा राहून जाहीर केलं, की शेवट धाडसी नसून पानं गळाली आहेत. लोक बराच वेळ टाळ्या वाजवत राहिले. इतक्या टाळ्या मला माझ्या कुठल्याही मताला मिळाल्या नव्हत्या.

ताई बोलायला उठणार, तेवढ्यात चंद्रभानजींनी सूचना मांडली, की आधी सभासदांची मतं ऐकावीत. आणि वादाला तोंड फुटलं. गंगूबाई म्हणाल्या, दौलत जिता पाह्यजे. चंद्रभानजी म्हणाले, शक्य नाही, त्या धुळीत हवा कुठे, इतके दिवस माणूस श्वास कुठून घेईल? कोणी म्हणालं, दोघंही मरावेत. कोणी म्हणालं, रुक्माने दुसरं लग्न करावं. त्यावर मोठा गदारोळ झाला. ताई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहत होत्या. लग्नघरात आपलं कौतुक ऐकणाऱ्या नवरीसारखा त्यांचा चेहरा झाला होता.

मागून एक जण म्हणाला, “मेला तेच बरोबर. तेच खरं वाटते.”

तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला. “खरं तं आमी रोजच आयकतो. हे पुस्तक हाय नं?”

जाईबाई होती. तिने वातीवरून नजर उचलली नव्हती. पण पुठ्ठ्यांचे पंखे थांबले.

मनकर्णाताई उठल्या. “दौलत जिता हाय,” त्या म्हणाल्या. “मी त्याले पह्यलेपासूनच जिता ठेवला होता.”

“पन हवा?” चंद्रभानजी.

“झाडांच्या कोठीतून नळी नेली हाय नं. तिसऱ्या प्रकरनात हाय ते.” ताईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. “तुमी वाचलं नाई वाटते.”

माझ्या नोटिशीचं उत्तर परस्पर गेलं. चंद्रभानजी पाणी प्यायला बाहेर गेले, आणि हसू ओसरेपर्यंत आत आले नाहीत.

“तं रुक्मानं समोर पाह्यलं,” ताई सांगू लागल्या. “तं यंत्राजवळ पालथ्या घमेल्यावर दौलत बसून हाय. धुळीनं पांढरा झालेला. आन् म्हणते, ‘आतून कडी काहून लावली वं? मी केव्हाचा दार ठोकून राह्यलो!’”

सतरंजीवर एकच हशा उसळला. गंगूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“सोळा पानं भांडनच हाय काय?” मोतीरामभाऊंनी धीर करून विचारलं.

“तुमाले काय मालूम?” ताई म्हणाल्या. मग इतरांकडे वळल्या. “नाई जी. भांडन दोनच पानं. मंग यंत्र सुरू होते. मंग पानी येते. आन् मंग पेरनी.”

आणि त्यांनी पेरणी सांगितली. दोन चंद्रांच्या उजेडात कोण कुठल्या तासात, म्हणजे पेरणीच्या ओळीत, चाललं, सरकी कशी पडली, पहिलं पान कसं फुटलं, सगळं. काहीही थरारक नव्हतं. पण कोणी उठलं नाही. जाईबाईच्या वाती मांडीवर तशाच पडल्या होत्या, आणि ती एकदाच बोलली, “दोन तासांत अंतर किती ठेवलं?” ताईंनी सांगितलं. जाईबाईने मान डोलावली. बरोबर होतं वाटतं.

मी मागे नईमाशेजारी उभा होतो. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, “अच्छा किया तुमने.” तेवढंच. पण नईमाकडून एवढं ऐकायला मी आणखी चार नोटिसा घेतल्या असत्या.

संध्याकाळी आम्ही दोघं त्यांना एस.टी. स्टँडवर सोडायला गेलो. नईमाने वाटेत खायला शिरखुर्मा आणि पराठे बांधून दिले होते. ताई माझे आभार मानत होत्या, मी त्यांचे, आणि मोतीरामभाऊ कोणाचे मानावेत हे न कळून दोघांचेही. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “ताई, सध्या काही लिहिताय?”

“लिहून राह्यली नं,” त्या जराशा लाजल्या. “समुद्राखालची हाय. एक बाई असते. तिले एक दिवस खालून आवाज येते.”

“कसला आवाज?” नईमाने विचारलं. तिने आजवर माझ्या एकाही पुस्तकात डोकं घातलं नव्हतं.

ताईंनी पिशवी बाकावर ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. दर्यापूरची गाडी लागली. कंडक्टर दारात उभा राहून ओरडला. मोतीरामभाऊंनी गाडीकडे बोट दाखवलं, तर ताईंनी हात नुसता झटकला. गाडी भरली, बेल वाजली, गाडी निघून गेली. मोतीरामभाऊ मुकाट्याने बाकावर आमच्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले,

“पह्यलेपासून सांग. ह्या वक्ती मी पुरं आयकतो.”